बाच्या खांद्यावर

"काका, ह्या दोन तसबिरी तेवढ्या तुमीच उतरवा," रंगारी म्हणाला. "हारवाल्या हायेत. मी हात नाही लावत." एवढंच झालं. म्हटलं तर काहीच झालं नाही. मलकापुरात रेल्वेच्या पलीकडं भागवतनं बांधलेल्या घराची पश्चिमेची भिंत तीन पावसाळे ओल धरत होती, पोपडे सुटून सोफ्यावर पडत होते. प्राची, त्याची एकुलती एक लेक, महिनाभर घरूनच काम करायचं म्हणून पुण्याहून आली होती. तिनं मोबाइलवर भिंती वाळवण्याचे पंचवीस व्हिडिओ पाहिले आणि हुकूम सोडला की आता खरवडायचं तर पार विटेपर्यंत. आजवर ह्या घराला चारदा रंग लागला होता आणि पहिला सोडला तर दर वेळी रंगाऱ्यांनी तसबिरींच्या कडेकडेनं ब्रश फिरवून वेळ मारून नेली होती. आपणही त्यांना तसंच करू दिलं होतं, हे भागवतला स्टुलावर चढल्यावर आठवलं. मायची तसबीर चटकन निघाली. ती बारा सालातली, कॉम्प्युटरवर केलेली, प्लॅस्टिकच्या चौकटीतली, वजनाला काहीच नाही. बाची मात्र सागवानी होती आणि निघता निघेना. ओढली तेव्हा भिंतीचा ढपला घेऊनच खाली आली. भिंतीवर चार रंगांचा एक पायऱ्यापायऱ्यांचा चौकोन उरला, आणि मधोमध पहिला रंग, कच्च्या कैरीचा हिरवा, जो माय असताना लावला होता. भागवत त्या चौकोनाकडं बघत स्टुलावर तसाच उभा राहिला. रंगारी खाली पट्टी हातात धरून थांबला होता. एकोणसाठ वर्षांच्या, नुकत्याच रिटायर झालेल्या माणसाला भिंतीवरचा जुना हिरवा रंग बघून माय आठवते, हे रंगाऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानं तसबीर मागच्या ओट्यावर आणली आणि पालथी घातली. मागचा पुठ्ठा पाणी पिऊन फुगला होता. खिळे गंजून त्यांचे तांबडे ओघळ आले होते. आता उघडलीच आहे तर पुठ्ठा बदलून टाकू, एवढाच विचार त्यानं केला. पक्कडीनं खिळे काढले, पुठ्ठा उचलला, तर पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पोस्टकार्डाएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. पाठमोरं. त्यावर जांभळ्या शाईत एक शिक्का होता. अक्षरं फुटली होती, पण 'ओंकारेश्वर' तेवढं वाचता आलं. ते वाचलं आणि भागवतनं पक्कड खाली ठेवली. कारण तो कागद काय आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तो तिथं आहे याचा अर्थ काय हेही कळलं. चौतीस वर्षं जो फोटो हरवला होता, ज्याच्यासाठी माय झुरली, तो आधी गावाकडं आणि मग ह्या घरात, भिंतीवरच, तिच्या डोळ्यांसमोर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्यात निदान वळसा तरी घातलेला असतो. भागवतनं तोही घातला नव्हता. त्याची बायको आशा आतून चहा घेऊन आली, तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग पुठ्ठ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ओढू नका बरं. आधी जरासं पानी लावा." तिचं म्हणणं त्याच्या कानावर आलं होतं. पण त्याला दम नव्हता. त्याला जन्मात कधी दम नव्हता. त्यानं कोपरा धरला आणि ओढला. टरकन आवाज झाला, फोटो हातात आला, आणि त्यानं तो उलटा केला.

बा होता. घडीच्या लोखंडी खुर्चीवर, गुडघ्यांवर पंजे ठेवून, चपलांसकट. माय होती शेजारच्या खुर्चीवर, नऊवारीचा पदर दातात धरलेला. मायच्या गुडघ्याला टेकून स्वतः भागवत होता, नऊ वर्षांचा, गोटा केलेला, चड्डीचा एक बंद निसटलेला. आणि दोन्ही खुर्च्यांच्या मधे, मागं उभी होती सिंधूताई, त्याची थोरली बहीण. तिची साडी होती, खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी होती, बाच्या खांद्यावर ठेवलेला तिचा उजवा हात होता. गळ्यापर्यंत सगळी होती. गळ्याच्या वर कागदाचा पांढरा, केसाळ, फाटका डाग होता. चेहरा पुठ्ठ्यावर राहिला होता. भागवतनं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. तिथं करडा चिखल झाला होता, एक बुरशीची टिकली होती, आणि दुसरं काही नव्हतं. आशानं चहाचा कप ओट्यावर ठेवला. "म्हनलं होतं मी," ती हळूच म्हणाली. ती सिंधूताईला ओळखत नव्हती, कारण आशा ह्या घरात आली तेव्हा सिंधूताई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. जगात आता सिंधूताईला पाहिलेला एकच माणूस उरला होता, आणि त्यानंच तिचा चेहरा आत्ता ओढून काढला होता.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. रोहिणखेडला नदीकाठी त्यांची भाजीची जमीन होती, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि बाजारच्या आदल्या दिवशी सगळं घर जुड्या बांधायला बसायचं. सिंधूताईचा हात सगळ्यात चलाख. अंबाडीच्या सालीचा वाख दातात धरायची, मूठभर मेथी घ्यायची, एक वेढा, एक गाठ, झाली जुडी. तिच्या नखांत हिरवं कायम असायचं आणि हाताला मेथीचा कडवट वास. भागवतच्या जन्माच्या वेळी माय ओंकारेश्वराला नवस बोलली होती आणि तो नऊ वर्षं तुंबून राहिला होता. बाला मळ्यातून सवड नसायची. शेवटी एकदाचे निघाले. मलकापूरहून भुसावळ, भुसावळहून खंडवा, तिथून पुढं छोटी गाडी. त्या घराचा सगळ्या जन्मातला तो एवढाच प्रवास. सगळ्या वाटेत सिंधूताईनं भागवतच्या सदऱ्याची कॉलर मागून धरून ठेवली होती, त्यामुळं त्याला गाडीत बसल्याचं आठवतं ते गळ्याला लागलेल्या काचासकट. घाटावर एक फोटोवाला होता, काळ्या बुरख्यात डोकं घालणारा. त्यानं सगळ्यांना बसवलं, मग सिंधूताईला म्हणाला, "बिटिया, हाथ पिताजी के कंधे पर रखो." ती कशाला ठेवते. सोळा वर्षांची पोर, बाच्या पुढ्यात कधी खाटेवरही बसली नव्हती. फोटोवाला पुन्हा म्हणाला. तेव्हा तिनं हात पुढं केला आणि असा ठेवला की नुसती बोटंच टेकली. बा दचकला. त्या माणसाला कळत्या लेकीनं कधी शिवलेलं नव्हतं, त्यानंही तिला शिवलेलं नव्हतं. मान वळवावी की नाही ह्या घोटाळ्यात त्याचे डोळे मोठे झाले, आणि नेमकं तेव्हाच फोटोवाल्यानं चाप ओढला. पुढच्या वर्षी आखाडात तिला ताप आला. सहा दिवस अंगावर काढला, सातव्या दिवशी बैलगाडीत घालून तिला मोताळ्याला नेलं, आणि संध्याकाळी तीच गाडी परत आली. भागवतला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की गाडीच्या मागून एक पाय दिसत होता, आणि जोडवं नसलेला तो पाय बघून कुणीतरी बाई म्हणाली की कुवारीच गेली.

त्यानंतर सोळा वर्षांनी बा गेला. भागवत तेव्हा मलकापूरला बाजार समितीत नवा कारकून होता. तेरवीला तसबीर पाहिजे, हार घालायला तसबीर पाहिजे, आणि उकंडराव नावाच्या त्या माणसाचा दुसरा फोटोच नव्हता. सिंधूताईचाही दुसरा नव्हता. मायनं तो पेटीतून, लुगड्याच्या घडीतून काढला, छातीशी धरला आणि म्हणाली, "हा वापस आनजो रे. त्याच्यात पोरगी हाये माही." भागवतनं हो म्हटलं. स्टेशनरोडच्या स्टुडिओत दिला, तिथल्या म्हाताऱ्या माणसानं बा तेवढा उचलून मोठा केला, ब्रशनं रंगवला, मागं निळं आभाळ दिलं, जन्मात बंडीशिवाय काही न घातलेल्या बाला काळा कोट चढवला. सगळ्यांनाच तसा चढवायचे तेव्हा, अर्ध्या तालुक्याचे मेलेले बाप एकाच कोटात आहेत. खांद्यावरचा हात मात्र त्याला नीट पुसता आला नाही. मनगट कोटाखाली गेलं, पण बोटं राहिली. त्यानं त्यांच्यावर पांढरा रंग देऊन उपरण्याच्या चुण्या केल्या. तेरवीच्या सकाळी भागवत तसबीर आणायला गेला तेव्हा डोक्यात साखर होती, पत्रावळी होत्या, जानेफळचे पाहुणे कुठं उतरवायचे ते होतं. तसबीर कागदात गुंडाळता गुंडाळता म्हातारा काहीतरी म्हणाला होता. बोट तसबिरीच्या मागच्या बाजूला लावून म्हणाला होता. भागवत हो हो म्हणाला आणि सायकलला टांग मारली. ते बोट त्याला आज, ओट्यावर, चौतीस वर्षांनी दिसलं.

पण हे एवढंच असतं तर माणूस स्वतःला समजावू शकला असता. घाईत कोण कुणाचं ऐकतं. खरी गोष्ट त्याच्या पुढची होती आणि ती त्यानं आशालाही कधी सांगितली नव्हती. महिन्याभरानं मायनं विचारलं, "भागवत, तो फोटो?" तो म्हणाला, "जाऊन आनतो." पुन्हा विचारलं, पुन्हा आणतो. स्टुडिओ त्याच्या ऑफिसच्या वाटेवर होता, सायकलवरून दिवसातून दोनदा तो त्याच्यासमोरून जायचा. आज नाही, उद्या. उद्या बाजाराचा दिवस, परवा बघू. मग इतके दिवस झाले की आता कोणत्या तोंडानं जावं असं झालं. आणि एक दिवस चुलीपुढं बसलेल्या मायनं मान वर करून नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "गेलतो ना मी. हरवला म्हनते तो." माय म्हणाली, "कसा हरवला?" तो म्हणाला, "आता हरवला म्हनते त्याले मी काय करू, माय?" वर आवाज चढवून म्हणाला, कारण खोटं बोलताना तो चढतोच. मायनं विस्तव पुढं ओढला. पुढं कधीतरी बाजारात तो म्हातारा दिसला की माय तोंड फिरवून घ्यायची, आणि तो बिचारा सलाम करायचा. एक शब्द विचारायचा होता. दुकानात पाय ठेवून एकच शब्द. त्यानं तसबीर पालथी घालून दाखवली असती. म्हातारा मरून गेला, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, माय रोहिणखेड सोडून मलकापूरला ह्या घरात आली, तसबीर तिच्याबरोबर आली, आणि तो एक शब्द तसाच राहिला.

मायनं फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही. तिनं दुसरंच सुरू केलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आणि पित्तरपाटात बाच्या तसबिरीला टिळा लावायची तिची पाळी आली की ती कपाळाला लावायची, आणि मग पुन्हा बोट कुंकवात बुडवून दुसरा टिळा खाली लावायची. खांद्याजवळ, उपरण्यावर. पहिल्यांदा भागवतला वाटलं की तिला मोतीबिंदू झाला. तो हसून म्हणालाही होता, "माय, कपाळ वर हाये." ती म्हणाली, "माहीत हाये मले." त्याला ते तेव्हा म्हातारपणाचं खूळ वाटलं. दर वर्षी एकवीस वर्षं तिनं ते केलं. दसरा-दिवाळीला आशा काच पुसायची तेव्हा कपाळावरचा डाग निघायचा, पण खांद्यावरचा घासून घासूनही पिवळट राहायचा, आणि आशा कुरकुरायची. आता ओट्यावर तसबीर सरळ करून भागवतनं त्या पिवळट डागाखाली बघितलं. चार चुण्या. एकीच्या टोकाशी अगदी बारीक, ब्रशच्या तावडीतून सुटलेलं, अर्धचंद्रासारखं एक नख. मायला पहिल्या दिवसापासून दिसलं होतं. तिला लेकीचं जेवढं उरलं होतं तेवढं तिनं ओळखलं होतं, आणि पोराला त्याबद्दल एक अवाक्षर बोलली नव्हती. भागवतला रडू आलं नाही. आपल्याला रडू यायला हवं, असं मात्र त्याला सारखं वाटत राहिलं, आणि चहावर साय धरली.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर प्राचीनं फोटो टेबलावर दिव्याखाली ठेवून मोबाइलमध्ये घेतला. तिला काल्पनिक गोष्टीसारखं सगळं आवडलं होतं, चाप, बुरखा, छोटी गाडी. आपल्याला एक आत्या होती हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि वेणी दिसणं यात फरक असतो. "बाबा, रडवेले नका होऊ," ती म्हणाली, "हे नीट होतं आता. फाटलेला चेहरासुद्धा भरून देतं. फक्त मला सांगा, आत्या कुणासारखी होती?" भागवतनं तोंड उघडलं. सिंधूताई पुढं चालायची आणि तो मागं, म्हणून तिचा भांग त्याला माहीत होता, टाचेची भेग माहीत होती, गळ्यामागचा तीळ माहीत होता. तिचा आवाज माहीत होता, वाख दातात धरून बोलायची तेव्हाचा. चेहरा म्हटलं की तिथं आधी मायचा यायचा, मग आशाच्या धाकट्या बहिणीचा, मग कुणाचाच नाही. गेल्या पन्नास वर्षांत कधीतरी, एखाद्या साध्या मंगळवारी, तो चेहरा त्याच्यातून निघून गेला होता आणि त्याला पत्ताही लागला नव्हता. "मायसारखी," तो म्हणाला. प्राचीनं मायचा फोटो घेतला, भागवतचा घेतला, काहीतरी दाबलं, आणि पाणी उकळायला लागतं तेवढ्या वेळात तीन मुली तयार झाल्या. तिघींच्या गळ्याखाली तीच साडी, तीच वेणी. पहिली जराशी हसत होती. दुसरीचे डोळे मोठे होते. तिसरीच्या हनुवटीला खळी होती. "ह्यातली कोणती?" प्राचीनं विचारलं. "सांगा ना बाबा. तुम्हीच सांगू शकता."

तो बघत राहिला. आशा भांडी घासायची थांबून हात पुसत मागं येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, एखादीकडं बघून आत काहीतरी हलेल, कॉलर ओढल्यासारखं गळ्याला काचेल. तिघी त्याच्याकडं बघत होत्या, सुंदर, स्वच्छ, कधीही ताप न आलेल्या. ह्यातली एक ती असेलही. एकही नसेल. नाही म्हणायला चेहरा माहीत असावा लागतो, आणि हो म्हणायलाही. प्राची वाट पाहत होती. तिच्या डोळ्यांत इतकी उमेद होती की लेकीला रिकाम्या हातानं परत पाठवणं त्याला जड गेलं. मलाच आठवत नाही, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. ते बोलला असता तर सिंधूताई त्याच क्षणी संपली असती, असं त्याला वाटलं. आवाज चढवून तो म्हणाला, "हीच. मधली." आशा म्हणाली, "काय गोजिरी होती हो." प्राची म्हणाली, "माझ्यासारखीच आहे थोडी." मग दोघी कितीतरी वेळ त्या मुलीबद्दल बोलत राहिल्या. भागवत उठून पुढच्या खोलीत गेला. खरवडलेल्या भिंतीच्या विटा उघड्या होत्या आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. मायला खोटं बोललो तेव्हा निदान खरं काय ते मला माहीत होतं, असं त्याच्या मनात आलं.

भिंत आठ दिवसांत वाळली. पुट्टी झाली, वर प्राचीनं पसंत केलेला, नाव न सांगता येणारा मळकट गुलाबी रंग बसला, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तिन्ही तसबिरी टांगल्या. बाची नवीन पुठ्ठ्याची, मायची, आणि तिसरी, मोठी, चकचकीत, मोठ्या डोळ्यांच्या मुलीची. प्राचीनं काचही बदलून आणली होती, बाची काच फार डागाळली होती म्हणून. जुनी काच भागवतनं कुणाला फेकू दिली नाही, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली. काऊन, असं आशानं विचारलं नाही. सकाळी घागर भरली, आंब्याच्या रसाचा वास घरभर झाला, आशानं कुंकवाची वाटी आणि तीन हार ताटात आणून दिले. भागवतनं मायला हार घातला, टिळा लावला. मग प्राची म्हणाली, "आता आत्याला." तो त्या मुलीपुढं उभा राहिला. तिचे डोळे त्याच्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होते. त्यानं तिला टिळा लावला, हार घातला, हात जोडले. परक्याच्या घरी देव्हाऱ्यापुढं जोडावेत तसे ते जोडले गेले. मग तो बाकडं वळला. बा तसाच होता, काळ्या कोटात, निळ्या आभाळापुढं, मोठे डोळे करून. जन्मभर सगळ्यांना तो रागीट वाटला, येणारेजाणारे म्हणायचे की उकंडराव मोठे कडक. भागवतनं त्याच्या कपाळाला टिळा लावला. बोट पुन्हा वाटीत बुडवलं आणि खाली आणलं, नव्या काचेवरून, कोटाच्या कडेकडेनं, जिथं चार चुण्या होत्या आणि एक नख होतं तिथं टेकवलं. काच गार होती. बोट त्याला उचलवेना.

"अहो," मागून आशा म्हणाली, "कपाळ वर हाये."

"माहीत हाये मले," भागवत म्हणाला.